गटारी नंबर एक

दादा गेल्याचा फोन माझ्या मुलुंडच्या ऑफिसात आला, तेव्हा रडू यायच्या आधी मनात आलं ते हेच, की त्याला खरं सांगायचं राहूनच गेलं...

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अंधेरीला राहायचा, कॉलेजात शिकवायचा आणि उरलेला वेळ थंड मुलखातल्या मातीपायी घालवायचा. घामाने बनियन पाठीला चिकटलेलं आणि हा बोलतोय लडाखबद्दल! फौजेतल्या मेहुण्याने तिथली माती आणून दिली होती. ती भिजवून त्याने दोन डब्यांत भरली आणि घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली. "अरे, गोठताना पाणी आसपासचं पाणी ओढून घेतं आणि मातीला बाजूला सारतं. वितळलं की तिथे भोक राहतं. मला ते भोक बघायचंय," तो म्हणायचा. तीन महिने डब्यांना हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

मी तेव्हा दादा-वहिनीकडेच राहायचो. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, गटारीला, वेसाव्याच्या ओळखीच्या मावशींनी भलीमोठी सुरमई दिली. वहिनी दिवसभर बाहेर होती. सुरमई फ्रीजरमध्ये मावेना, म्हणून मी डबे काढून ओट्यावर ठेवले आणि साफ विसरलो. संध्याकाळी पाहतो तर आत नुसता चिखल. दादा यायच्या आत डबे परत कोंबले. दुसऱ्या दिवशी डब्यावर ओघळलेला चिखल त्याला दिसला, तेव्हा तो एक डबा उघडून बराच वेळ बघत बसला.

"काय रे, काल लाईट गेली होती का?"

"हो ना, दुपारभर."

पुढे वर्षभर या मातीवरचा त्याचा लेख पुरा होईना. आपणच त्याच्या कामाची वाट लावली, हे माझ्या मनात पक्कं बसलं. त्यानंतर त्याच्यासमोर मातीचा विषय निघाला, की मी काहीतरी निमित्त काढून उठायचो.

परवा वहिनीने त्याची वही माझ्या हातात दिली. गटारीच्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेखाली लिहिलं होतं: 'माती मध्येच वितळून पुन्हा गोठली. भोकं मोठी, गोलसर. नुसतं गोठवून भागणार नाही, वितळवायलाही हवं.' मग तो मुद्दाम डबे बाहेर काढत गेला. प्रत्येक खेपेला त्याने नाव दिलं होतं: गटारी दोन, गटारी तीन... पार एकवीसपर्यंत. गटारी एकपुढे माझं नाव होतं.

मी वहिनीला सगळं सांगून टाकलं. किती वर्षांनी छाती भरून श्वास घेतला. ती डोळे पुसता पुसता हसली.

"भावजी, लाईट गेली असती तर फ्रीजरमधल्या वाडग्यातले बर्फाचे खडे सुटेच राहिले असते का? यांनी तेव्हाच ओळखलं होतं. मला म्हणाले, घाबरलाय तो. आपणही लाईट गेली असंच म्हणायचं."