सुमनने शोधलेली घट

परवा महाडच्या घरी ट्रंक उघडली आणि जुन्या प्रिंटरच्या शाईचा वास आला. कडेला भोकं असलेला लांब कागद, त्यावर जवळच्याच एका सक्रिय, म्हणजे केंद्रातून प्रखर किरण फेकणाऱ्या, दीर्घिकेच्या क्ष-किरणांचा आलेख, आणि मधल्या खळग्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ.

कित्येक वर्षांपूर्वी एका दुपारी माझी संशोधक विद्यार्थिनी सुमन हाच कागद घेऊन टेबलापाशी उभी होती.

"सर, तासाभरात तेज निम्म्यावर आलंय."

उपग्रह पृथ्वीभोवतीच्या विद्युतभारित कणांच्या पट्ट्यातून जाताना मिळालेली मोजमापं बिघडलेली असत, म्हणून ती आम्ही टाकून देत असू. हा खळगा त्यातलाच, असं मी म्हणालो.

"नाय सर. पट्टा संपल्यावर वीस मिनिटांनी घट सुरू होते. वेळा जुळवल्यात मी."

वेळा मलाही दिसत होत्या. पण या दीर्घिकेचं तेज स्थिर आहे, असा माझा लेख नुकताच छापायला गेला होता.

"तू पोलादपूरची, मी महाडचा. तुझं वाईट सांगेन का? काढून टाक गो."

गावचं बोलणं ऐकून ती विश्वासाने हसली आणि तिने स्वतःच्या हाताने ती मोजमापं काढून टाकली. तेव्हा मला ती आपुलकी वाटली होती. हाती निष्कर्ष नाही म्हणून तिची शिष्यवृत्ती बंद झाली. पुढे परदेशात तीच घट सापडली, तेव्हा मला आधीच संशय होता, असं मी भर सभेत सांगितलं.

ती घट सुमनने शोधली होती. काल फोन करून तिच्याजवळ हे कबूल केलं. 

"सर, आता कुणाला सांगताय? मी काय शिकले ते माझ्या पोरांनाही ठाऊक नाय."