एक नाव जास्तीचं

नातीनं आपल्या सायकलची घंटा स्क्रू काढून सोडवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली. मी मेथी निवडत होते.

"आजी, तू ऑडियन्स," ती म्हणाली. "मध्ये बोलायचं नाही."

रविवारची दुपार होती. बाहेर वादळ होतं, म्हणून सगळे घरात. हॉलंडमध्ये फेल्डहोवनला मुलीकडे मी वर्षाआड येते, तीन महिन्यांच्या व्हिसावर. मुलगी इथल्या मोठ्या मशीनच्या कंपनीत इंजिनीअर आहे. नात अकरा वर्षांची. तिच्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्गापुढं उभं राहून एका विषयावर बोलावं लागतं. स्प्रेकबर्त म्हणतात त्याला. बाकीच्या मुलांनी ससे, घोडे, फुटबॉल असले विषय घेतले. हिनं घेतलं बुडालेलं जहाज.

अमेरिकेच्या उत्तरेला मोठी तळी आहेत म्हणे, पलीकडचा काठ न दिसणारी. त्यांवर एक फार मोठं मालवाहू जहाज होतं. लोखंडाचा कच्चा माल भरून निघालं आणि नोव्हेंबरच्या वादळात सापडलं. मागून दुसरं जहाज येत होतं, त्याच्या कप्तानाशी बोलणंही चालू होतं. थोड्या वेळानं मागच्या जहाजानं पाहिलं तर पुढं कुणी नाही. एकही माणूस वाचला नाही आणि एकाचंही प्रेत मिळालं नाही. पाठ केलेलं सगळं डचमध्ये होतं, माझ्यासाठी नात मराठीत सांगत होती. अडलं की इंग्रजी.

"वर आलंच नाही कुणी?" मी मध्ये बोललेच.

"नाही. पाणी इतकं कोल्ड आहे ना, तिथे माणूस वर येतच नाही."

"मग घरच्यांनी काय केलं?"

"ते म्हणाले, त्यांना तिथेच राहू द्या. फक्त जहाजाची बेल वर आणली. आणि तिच्या जागी खाली दुसरी बेल ठेवली, सगळ्यांची नावं लिहिलेली."

हे मला पटलं. नावं खाली माणसांजवळ गेली, हे बरं झालं.

मग तिनं एकेक नाव वाचलं आणि प्रत्येक नावाला सायकलची घंटा वाजवली. तिथं दर वर्षी अशीच वाजवतात. सायकलची घंटा ती सायकलचीच, रस्त्यात बाजूला व्हा म्हणणारी. तरी सात-आठ नावांनंतर माझा हात मेथीवर थांबला.

"आता लास्ट पार्ट," ती म्हणाली. "हा सरप्राइज होता तुझ्यासाठी, पण प्रॉब्लेम झालाय. मला शेवटी आजोबांचं नाव घ्यायचं होतं. त्यांचं पण जहाज असंच ना? सेम, लोखंडवालं. बाबांनी मला आजोबांच्या जहाजाची लिस्ट शोधून दिली." तिनं कागद पुढं केला. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, मी चौथी शिकलेय आणि ती मराठी शाळेत. कागद पाहिला आणि परत दिला.

"आजोबांचं नाव नाहीये ह्यात. मी तीन वेळा पाहिलं. मोठ्या आजोबांचं आहे. पण ते तर मुंबईला वारले ना? फॅमिली ट्री केला तेव्हा मम्मा म्हणाली होती."

मोठे आजोबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. माझे भाऊजी.

मुलगी ओट्याजवळ भांडी मशिनीत लावत होती. वळलीसुद्धा नाही. "नसणारच," म्हणाली.

"म्हणजे आजोबा बुडालेच नाहीत?" नातीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे ते असतील कुठेतरी?"

"तू गप्प बस गं जरा," मी म्हटलं.

"तिला का गप्प करतेस?" मुलगी आता वळली. "आई, ती उद्या वर्गात उभी राहून बोलणार आहे. तिला खोटं बोलायला लावायचं नाहीये मला. बाबा बुडाले नव्हते. मला माहितीये. कॉलेजात असल्यापासून माहितीये."

"काय माहितीये तुला?"

हात पुसत ती टेबलाशी आली आणि उभ्या उभ्या सांगू लागली. ऑफिसात सांगतात तसं, एकामागून एक. कॉलेजात असताना ती खलाशांच्या मुलांची शिष्यवृत्ती मिळते का म्हणून मुंबईत एका कचेरीत गेली होती. तिथल्या माणसानं रजिस्टर काढून सांगितलं, बाई, बुडालेल्यांत तुमच्या वडिलांचं नाव नाही, हे दुसरंच नाव आहे. ते काकांचं होतं. मग तिनं माझ्या ट्रंकेतला दाखला पाहिला. वडिलांच्या मृत्यूचा. मुंबईचा, जहाज बुडाल्यानंतर चौदा वर्षांनी.

"आणि तू," ती म्हणाली, "मला सांगत होतीस बाबा समुद्रात गेले, आणि रोज सकाळी कुंकू लावत होतीस. काका वारले त्या दिवशी पुसलंस. मी सोळा वर्षांची होते, मला दिसत होतं. ज्यांना मी काका म्हणत होते तेच बाबा होते. खरे काका बुडाले आणि बाबा काकूबरोबर राहिले मुंबईत. तू अब्रू राखायला उलटं सांगितलंस मला. जाऊ दे, मी कधी विचारलं नाही. पण आता पुरे."

खिडकीवर पाऊस आपटत होता. नात एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहत होती.

माझी जाऊ, म्हणजे हिची काकू, गेल्या वर्षी वारली. तेव्हा मुलगी आली नव्हती, कामाचं कारण सांगितलं होतं. खरं कारण मला त्या दुपारी कळलं. कागदांवरून पाहिलं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. कागद तेच सांगतात. सगळे एकमेकांशी जुळतात आणि सगळे खोटे आहेत.

"बस खाली," मी म्हटलं. "सांगते."

माझ्या नवऱ्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नसत. डोळे चांगले होते, लांबचं पाखरू ओळखायचा, पण पिकलेली मिरची आणि कच्ची मिरची त्याला एकच. लग्न झालं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. जहाजावर जायचं म्हणून दोघे भाऊ मुंबईला गेले. डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, थोरला पास झाला आणि माझ्या नवऱ्याला परत पाठवलं. थोरल्याला खलाशाचं पुस्तक मिळालं, ते असल्याशिवाय जहाजावर घेत नाहीत. तो एक खेप करून आला. त्या खेपेत काय झालं ते त्यानं नीट कधी सांगितलं नाही, पण परत येऊन ओटीवर बसला आणि म्हणाला, मी पुन्हा पाण्यावर जाणार नाही, मला मारा नाहीतर काही करा.

पुस्तक घरात पडून होतं आणि जाणारा माणूसही घरात होता. दोघांचे चेहरे इतके सारखे की लग्नाच्या फोटोत पाहुणे चुकत. आमच्या किनाऱ्यावर हे काही नवीन नव्हतं. भावाच्या पुस्तकावर भाऊ जात असत. तपासणीला थोरला गेला, जहाजावर धाकटा चढला. थोरल्याचं नाव लावून. मी नको म्हटलं नाही. मलाही वाटत होतं, जाऊ दे, चार खेपा करील, घर होईल. दुसऱ्याच खेपेत गोव्याहून लोखंडाची माती भरून जपानकडं निघालेलं जहाज वादळात गेलं. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

तार आली ती थोरल्याच्या नावाची, माझ्या जावेला. थोरला घरातच होता, गोठ्यात. तार वाचून दाखवली ती त्यानंच.

सासूबाईंनी दाराला कडी घातली. त्यांचाच मुलगा गेला होता, पण त्या आधी रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू तोंड उघडलंस तर हा तुरुंगात जाईल. एक गेला, मी दुसरा देणार नाही." कंपनीकडून जे यायचं तेही थोरल्याच्या बायकोच्या नावानं येणार होतं, आणि त्यावरच दोन्ही चुली चालणार होत्या. मी गप्प बसले. कुणी माझा हात पिरगळला नव्हता.

प्रेत नव्हतं म्हणून दर्भाचा पुतळा करून जाळला. भटजींनी नाव घेतलं ते थोरल्याचं. थोरला आदल्या दिवशीच मुंबईला गेला होता, माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन. तो परत कधी गावात आला नाही. मी मागच्या दाराशी कुंकू लावून उभी होते. माझा नवरा जळत होता आणि मी सवाष्ण. जावेचं कुंकू पुसलं. ती पुढं मुंबईला थोरल्याजवळ राहू लागली तेव्हा तिथं लावायची, आणि गावाला यायची तर एसटीतून उतरायच्या आधी पदरानं पुसायची. गावाला कळत नव्हतं असं नाही. गावानं कधी विचारलं नाही.

चौदा वर्षांनी थोरला मुंबईच्या खोलीत पलंगावर वारला. माझ्या नवऱ्याच्या नावानं. त्या दिवशी मी कुंकू पुसलं. कागदाप्रमाणे तेव्हाच पुसायचं होतं.

एवढं सांगून मी मेथी पुढं ओढली. मुलगी बसलेलीच होती.

"काका मला बघून मान खाली घालायचे," ती म्हणाली. "मी सुट्टीत गेले की खाऊ द्यायचे आणि दुसरीकडे बघायचे. मला वाटायचं, टाकून गेलेला बाप आहे, लाज वाटते म्हणून."

"लाज वाटतच होती. वेगळी."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी मोठी झाल्यावर? इथे आल्यावर? इथे कोण तुरुंगात टाकणार होतं, आई?"

सांगायचं राहून गेलं असं लोक म्हणतात. राहून काही जात नाही. मी सांगितलं नाही. तोंड बंद ठेवायची सवय झाली आणि जाऊ जिवंत होती. आणि बाप समुद्रात गेला एवढं मी तिला खरं सांगितलं होतं, तेवढ्यात भागलं असं मला वाटलं. कॉलेजापासून आजवर माझी मुलगी मला खोटारडी समजत होती. खोटारडी मी होतेच, पण तिला वाटत होतं त्या गोष्टीत नाही. आणि त्यात तिच्या बापाचं नाव खराब झालं. तो अठ्ठाविसाव्या वर्षी भावाच्या नावानं बुडाला आणि मुलीच्या हिशेबी तिला टाकून मुंबईत पलंगावर मेला.

मुलगी उठून बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

नातीला किती कळलं कोण जाणे. ती यादीवर वाकली होती. "मग हे मोठ्या आजोबांचं नाव चुकीचं आहे," ती म्हणाली. "खोडू?"

"खोड. तो पाण्याला भ्यायचा. त्याला पाण्यात कशाला ठेवायचं?"

तिनं पट्टी घेऊन सरळ रेघ मारली. मग पेन धरून थांबली. "वर आजोबांचं लिहिते. पण म्हणायचं कसं ते तू सांग, फॅमिली ट्रीत नुसतं स्पेलिंग आहे. मम्मा नेहमी फक्त बाबा म्हणते."

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं, दाराशी अडवलं होतं म्हणून. त्यानंतर कधी नाही. कागदावर लिहायची वेळ आली तर लिहिलं, तोंडानं घेतलं नाही. पोस्टमन मुंबईच्या खोलीखाली ते नाव ओरडायचा आणि थोरला 'आलो' म्हणायचा, तेव्हा मी तिथं असले तर भांडी घासत बसायचे.

मी मराठीत लिहून दिलं. नातीनं कागद उलटा-सुलटा केला. "आजी, मला हे वाचता येत नाही."

म्हणून मग सांगितलं. एकदा. तिनं म्हटलं ते डच पोरं म्हणतील तसं, मधलं अक्षर गिळून. "असं नाही," मी म्हटलं आणि परत सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं. तोवर मुलगी बाथरूममधून येऊन दारात उभी होती. चौथ्यांदा नातीनं बरोबर म्हटलं आणि घंटा वाजवली. एकदाच.

दुसऱ्या दिवशी वादळ ओसरलं होतं. नात शाळेतून आल्यावर मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, चांगलं झालं. बाईंनी विचारलं, शेवटचं नाव त्या जहाजावरचं नाही ना, मग कुणाचं? "मी सांगितलं, ते दुसऱ्या जहाजाचे, त्यांच्यासाठी कुणी बेल केली नाही म्हणून मी जास्तीची वाजवली." मग तिनं खायला मागितलं.

कागद बदलणार नाहीत. पुढच्या व्हिसाच्या फॉर्मवर नवरा कधी वारला ह्या रकान्यात मी भाऊजींचीच तारीख लिहून घेणार. ती माणसं माझं सांगणं ऐकून घेणार नाहीत, आणि मला सांगायचंही नाही. ह्या लिहिण्यात मात्र मी त्याला 'तो' म्हटलं आहे. तोंडानं मी 'अहो' म्हणायचे, पण मी आता सत्तरीची आहे आणि तो अठ्ठावीसच. अहो म्हणवत नाही.

संध्याकाळी मुलगी घंटा परत सायकलला बसवत होती. स्क्रू घट्ट करता करता, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "त्यांना लाल रंग दिसायचा नाही, तर तुझं कुंकू कसं दिसायचं?" बापाबद्दल तिनं मला विचारलेली ही पहिली गोष्ट.

"चिखलासारखं, म्हणाला होता एकदा," मी म्हटलं. "मी दोन दिवस बोलले नव्हते त्याच्याशी."