ठेवाचं का?

भद्रावतीत आमच्या शेजारी राहणारा एक माणूस घरूनच कंपनीचं काम करतो. कंपनीचे प्रोग्राम ज्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांवर चालतात, तो क्लाउडच्या डिस्कशी जोडून द्यायचा, हे त्याचं काम. काहीही टाकून देण्याआधी तो विचारणार, "ठेवाचं का?" गार झालेला चहा असो की फाटकी पिशवी. मला वैताग यायचा. एकदा म्हटलं, "काऊन रे, सारखं हेच?"

"क्लस्टर पुसला का डिस्कबी जाते, भाऊ. ठेवाची असन तं आधी सांगून ठेवा लागते. कंपनीच्या क्लस्टरले मी रोज सांगतो. घरी माहा स्वतःचा लहानसा क्लस्टर होता, त्याले सांगाचं राह्यलं, अन् तो पुसला. मायनं धानाच्या रोवण्यात म्हटलेले गाणे होते त्याच्यात."

त्याची माय तर आधीच गेलेली होती.

परवा माझ्या आईने त्याच्यासाठी धानाच्या रोवण्यातलं, भातलावणीचं, त्यातलंच एक गाणं म्हटलं. रेकॉर्ड करायला त्याने फोन समोर धरला होता. गाणं संपल्यावर त्याने ते एकदा लावून ऐकलं.

"चाल तेवढी तीच आहे, मावशी," एवढंच तो म्हणाला, आणि त्याने रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

या वेळी त्याने कोणालाच विचारलं नाही.