मुठीतला भुसा

बोईसरच्या कारखान्यात आमचा बॉयलर लाकडाच्या भुशावर चालायचा. भुसा आत ढकलणारा स्क्रू अडकला की एडवणच्या फिटरमामांना बोलवायचं. ते आधी यंत्राला हात लावत नसत. मूठभर भुसा घेऊन दाबायचे आणि मूठ उघडायचे. भुसा मोकळा झाला तर दोष यंत्राचा, गोळा राहिला तर पाण्याचा.

त्या पावसाळ्यात स्क्रू आठवड्यात तिसऱ्यांदा अडकला. मामांच्या मुठीत घट्ट गोळा झाला. मॅनेजर माझ्यावर डाफरले, "ढिगावरची ताडपत्री कुठे गेली?" भुशाची जबाबदारी माझी होती. मी वर गळक्या पत्र्याकडे पाहत राहिलो.

"वाऱ्यानं उडाली आसल, सायेब," मामा म्हणाले. "कोनाची चूक नाय."

मग कोपरापर्यंत हात घालून ते चिकटलेला भुसा खरवडत बसले. तासाभराने स्क्रू फिरला. माझ्याकडे न बघताच ते गेले. मला हायसं वाटायला हवं होतं, पण पाळी सुटेपर्यंत मी नुसता उठत-बसत राहिलो.

बाहेर पाऊस थांबला होता. माझ्या स्कूटरवर मीच टाकलेली ती ताडपत्री तशीच होती. तिच्यावर, बरोबर सीटच्या जागी, मामांच्या बोटांचे ठसे उमटलेला भुशाचा गोळा ठेवलेला होता.