आईच्या वतीने दिलेलं उत्तर

आईच्या छातीतली धडधड काही थांबत नव्हती. अंजनगाव सुर्जीहून तिला अकोल्याच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं, तेव्हा तिची नाडी कशीही चालत होती. डॉक्टर म्हणाले, विजेचा हलका झटका देऊन ठोके ताळ्यावर आणता येतील, पण आधी हृदयाच्या कप्प्यात रक्ताची गाठ नाही ना हे पाहायला हवं. छातीवरून केलेल्या तपासणीत ते नीट दिसत नाही. त्यासाठी तोंडावाटे अन्ननलिकेत नळी घालून हृदयाची मागच्या बाजूने सोनोग्राफी करतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम.

मी अमरावतीला शाळेत शिकवतो. घरातले सगळे फॉर्म मीच भरतो, हाही मीच भरत होतो. डॉक्टर विचारत होते. दात हलतात का, दमा आहे का, कुठलं औषध सोसत नाही का. मग म्हणाले, "गिळायला काही त्रास?"

"नाही," मी म्हणालो.

आई शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती काही बोलली नाही. डॉक्टरांनी धोके सांगितले. घसा दोन दिवस दुखेल. फार क्वचित अन्ननलिकेला इजा होऊ शकते. 'फार क्वचित' एवढंच माझ्या कानात शिरलं, आणि मी सही केली.

सकाळी तपासणी झाली. गाठ नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की नळी पहिल्यांदा अडली, दुसऱ्यांदा गेली. झटका उद्या देऊ. दोन तासांनी मी आईला चहा दिला. तिने एक घोट घेतला आणि कप परत माझ्या हातात दिला.

"नाई जात," ती म्हणाली.

औषध मारून घसा बधिर केलाय, उतरेल हळूहळू, असं सिस्टर म्हणाल्या. दुपारी पाहिलं तर आई तळहाताने मान धरून बसलेली. मान एका बाजूने फुगल्यासारखी दिसत होती. मी हात लावला, तर कातडीखाली काहीतरी कुरकुरलं. मुरमुऱ्यांची पिशवी दाबल्यासारखं. मी घाईने हात काढून घेतला.

डॉक्टर आले. त्यांनी गळ्याच्या हाडाजवळ दोन बोटांनी दाबून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. तासाभरात स्कॅन झालं. मग ते मला बाजूला घेऊन उभे राहिले.

"अन्ननलिकेला वरच्या बाजूला, मानेत छिद्र पडलंय. तिथून हवा बाहेर आलीय. नळी घालताना झालंय ते, माझ्या हातून. छातीत अजून काही पसरलेलं नाही. लवकर कळलं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. आता तोंडावाटे पाण्याचा थेंबही द्यायचा नाही."

मी तयारीत होतो ते सारवासारव ऐकण्याच्या. त्यांनी तर सरळ सांगितलं होतं. मी फक्त मान हलवली.

पोटाचे सर्जन आले. त्यांनी दुर्बिणीने छिद्र पाहिलं, आणि त्याच वेळी नाकातून पोटापर्यंत बारीक नळी सरकवून ठेवली. अन्न आता तिच्यातूनच द्यायचं होतं. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "यांना आधीपासून गिळायला त्रास होता ना? अन्ननलिकेच्या तोंडाशीच पातळ पडदा आहे. वर्षानुवर्षं रक्त कमी असलेल्या बायकांमध्ये दिसतो असा. तिथेच नळी अडली आणि तिथेच फाटलं."

मी आत गेलो. आई जागी होती.

"आई, तुझ्या घशात घास अडकायचा?"

"भाकर अटकते," ती हळू म्हणाली. "दोन-तीन वर्सं झाले. वरून पानी पेलं का जाते."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कोन इचारलं मले?"

"डॉक्टरांनी विचारलं ना, तू तिथंच होतीस."

"त्यायनं तुले इचारलं," आई म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी आठवू लागलो, आईला जेवताना मी शेवटचं कधी पाहिलं? मी गावी गेलो, तरी आमची ताटं उचलल्यावर ती स्वयंपाकघरात बसायची, एकटी. दोन-तीन वर्षं ती एकेक घास पाण्याबरोबर उतरवत होती, आणि आमच्यापैकी कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी धाकटा भाऊ धामणगाव रेल्वेहून आला. त्याचं तिथं धान्याचं दुकान आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि उठला.

"दादा, मी त्या डॉक्टरले सोडत नाई. चांगली चालती-बोलती बाई आनली होती आपन. तू चाल माया संगं."

मी त्याला खाली बसवलं. न सांगता निभलं असतं. फॉर्मवर सही माझी असली तरी गिळण्याचं विचारल्यावर मी काय म्हणालो, हे खोलीतल्या तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पण मी सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, आणि मी नाही म्हणालो होतो.

भाऊ खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, "मले तरी कुठं मालूम होतं." तो डॉक्टरांकडे गेला नाही. मी गेलो आणि त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "तरी अडल्यावर मी थांबायला हवं होतं."

तिसऱ्या दिवशी आईला ताप आला. मानेत पू झाला होता. सर्जननी मानेला छेद देऊन निचऱ्याची नळी ठेवली. तिच्यातून थुंकीसुद्धा बाहेर यायची. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणं गरजेचं होतं, आणि जखमेसाठी ते औषध थांबवणं. दोन्ही डॉक्टर रोज सकाळी तिच्या पलंगापाशी यावरच बोलत. औषध बंद होतं ते दिवस मी तिला सारखं बोलतं ठेवायचो. रक्ताची गाठ मेंदूत जाऊन जीभ जड पडते का, तोंड वाकडं होतं का, हे पाहायला. तिला ते कळत होतं, आणि ती कंटाळायची.

नळीतून अन्न द्यायला सिस्टरनी मला शिकवलं. मोठ्या पिचकारीत गाळलेलं वरण घ्यायचं आणि हळूहळू सोडायचं.

"काय देऊन राहिला?" आईने विचारलं.

"वरनाचं पानी."

"मीठ हाय का त्यात?"

चव लागण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी जाऊन मीठ विचारून आलो, आणि आहे म्हणून सांगितलं. माझी आई जेवते आहे आणि मी समोर बसून पाहतो आहे, असं माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच होतं.

मानेतला निचरा हळूहळू कमी होत थांबला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा स्कॅन केलं, गळती नव्हती. चमच्याने पाणी दिलं, तेव्हा आईने ते तोंडात धरून ठेवलं. गिळायची तिला भीती वाटत होती. शेवटी गिळलं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझ्याही.

आता ती अमरावतीला आमच्याकडे असते. रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत. तो पडदा दुर्बिणीतून फुग्याने रुंद करायचा होता; पुन्हा तोंडात नळी घालू द्यायला ती पाच महिने तयार नव्हती. या वेळी डॉक्टरांनी सगळं तिलाच समजावलं, आणि तिने स्वतः हो म्हटल्यावरच केलं. ते नीट पार पडलं. विजेचा झटका मात्र राहूनच गेला. ठोके अजून अनियमितच आहेत, गोळ्यांवर भागतं.

ती आमच्यासोबत जेवायला बसते. भाकर वरणात कुस्करून घेते. मी पाहत राहिलो की चिडते. अधूनमधून तिला साधा ठसका लागतो, आणि माझा हात ताटावरच थांबतो. ती पाणी पिते, पुढचा घास घेते. मला मात्र त्यानंतर जेवण जात नाही.