धूरमामांचं नाक

आमच्या गल्लीत धूरमामांचं खरं नाव विचारलंत, तर माणसं एकमेकांची तोंडं बघतील. मामी त्यांना ‘अहो’ म्हणतात, उरलेलं जग धूरमामा. हौशी लोक घरात फळीवर रूळ टाकून वीतभर लांबीची इंजिनं पळवतात, हुबेहूब खऱ्यासारखी. त्या इंजिनांच्या धुराड्यातून खराखुरा धूर काढून द्यायचा, हा मामांचा धंदा. आधी रेडिओ दुरुस्त करायचे. लोकांनी रेडिओ टाकून दिले, मामांचा हात तेवढा शिल्लक राहिला.

करंगळीच्या पेराएवढी पितळी नळी, आत केसासारखी तार. नळीत थोडं तेल सोडायचं, तार तापली की पांढरा धूर. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण या डिजिटल गाड्यांचं तंत्र वेगळं. जुन्या खेळण्यात गाडी थांबली की रुळातली वीजही थांबायची. आता रूळ सदा विजेनं भरलेले, आणि इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप. हातातला कंट्रोलर सांगेल तसं ती दिवा लावते, पळते, धूर सोडते. या चिपला एक वाईट खोड. वीज जाऊन परत आली, की आधी काय चालू होतं ते तिला आठवतं आणि ती आपल्या मनानं ते पुन्हा सुरू करते. दिव्याचं एक वेळ ठीक. पण तार अशी आपोआप तापली आणि नळीतलं तेल संपलं, तर धूर बंद होतो आणि नुसती तार लाल होत राहते. मग भोवतीचं प्लास्टिक वितळायला लागतं.

म्हणून मामा प्रत्येक चिपची ही आठवण पुसत आणि शेवटची परीक्षा नाकानं घेत. नळी कोरडी ठेवायची, धुराचं बटण चालू असतानाच वीज तोडायची, परत जोडायची आणि धुराड्यावर नाक धरायचं. कोरड्या तारेचा धूर होत नाही, डोळ्यांना काही कळत नाही. पण ती तापली की कडवट, जळका वास सुटतो. वास नाही, म्हणजे इंजिन पास.

“मामा, मीटर लावा की,” कुणीतरी म्हणायचं.

“मीटरचा सेल उतरतो बाबा. नाकाला सेल लागत नाही.”

गेल्या थंडीत मामांना ताप आला. ताप गेला तो वास घेऊन गेला. मामा स्वतःला सांगत राहिले, सर्दी आहे, उतरेल. रोज सकाळी मामींची नजर चुकवून तेलाची बाटली हुंगायचे. पाणी हुंगावं तसं. मामींना सांगावं तर त्या दवाखान्यात नेणार, गिऱ्हाइकांना सांगावं तर ती दुसरीकडे जाणार, आणि या वयात दुसरं येतं काय? तेव्हा मामांनी तोंड मिटलं आणि नाक तसंच धुराड्यावर धरत राहिले.

त्याच दिवसांत ड्रायव्हरसाहेबांचं काम आलं. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. जन्मभर खऱ्या आगगाड्या चालवलेला माणूस, आता अर्धं अंग गेलेलं. डावा हात चालतो, जीभ अडखळते, डोकं मात्र लख्ख. सुनेनं पलंगाला लागून फळी टाकून दिली होती, त्यावर रूळ आणि एकच काळं इंजिन. दुपारी सून औषधांच्या दुकानात कामाला जायची, घरात साहेब आणि इंजिन.

“धूर पाहिजे,” साहेबांनी एकेक शब्द ओढत सांगितलं. “त्याच्याशिवाय... हे... मांजर पळतंय... असं वाटतं.”

मामांनी जीव ओतून काम केलं. तार आणि प्लास्टिकच्या मध्ये अभ्रकाचा पत्रा घातला, धुराला कंट्रोलरवर वेगळं बटण दिलं, चिपची आठवण पुसली, म्हणजे पुसली असं त्यांना वाटलं. मग वीज तोडली, जोडली, नाक धरलं. काही नाही. इंजिन पास. धूर सुटला तेव्हा साहेबांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं, आणि सून म्हणाली, “मामा, आज कितीतरी दिवसांनी हसले हो बाबा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा स्वयंपाकघरात बसून पक्कड पुसत होते. मध्येच वीज गेली, पंखा थांबला, थोड्या वेळानं फिरायला लागला. तेवढ्यात मामी बाहेरून आल्या आणि दारातच ओरडल्या, “अहो! दूध करपून कोळसा झालाय, जिन्यापर्यंत वास सुटलाय, आणि तुम्ही शेगडीला टेकून बसलाय?”

मामांनी पातेल्याकडे पाहिलं. काळं झालं होतं. हातभर अंतरावर.

“तुम्हाला वास येत नाही,” मामी म्हणाल्या. विचारत नव्हत्या. “मागं मी म्हटलं, साबण बदललाय, कसा वाटतो? तुम्ही म्हणालात, छान आहे. साबण तोच होता.”

मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट वर आली होती. हातभरावरचं दूध ज्या नाकाला कळलं नाही, त्याच नाकानं काल इंजिन पास केलं. आणि आत्ता वीज जाऊन आली होती.

त्यांनी सुनेला फोन लावला. दुकानात गर्दी होती, मागे माणसं औषधं मागत होती. “बाबा ना? या वेळी गाडी चालवता चालवता झोप लागते त्यांना. काय झालं, मामा?”

“किल्ली कुणाकडे आहे?”

“समोरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे. मामा, झालंय काय?”

मामा स्लिपरवरच पळाले. या वयातलं पळणं म्हणजे काय, अर्धं चालणं आणि अर्धं धापा टाकणं. मामी मागून छत्रीनं वाट काढत ओरडत होत्या, “सरका हो, सरका!”

शिवणकामवाल्या बाईंनी कुलूप काढलं आणि दार उघडताच बाहीनं नाक दाबलं. “अगंबाई! काय जळतंय हे?” मामा आत शिरले. त्यांच्या नाकाला काहीच जळत नव्हतं. खोलीत नेहमीची हवा, खिडकी बंद, पलंगावर साहेब टक्क जागे, डोळे लाल, खोकून खोकून घामेजलेले. कंट्रोलर पलंगाखाली पडला होता. इंजिन फळीवर आडवं झालं होतं, चाकं वर. धुराडं मेणासारखं एका अंगाला लवलं होतं आणि खाली, साहेबांच्या रजईच्या काठापासून चार बोटांवर, फळीला तपकिरी डाग पडला होता. शेजारी साहेबांची काठी.

मामींनी खिडक्या सताड उघडल्या. बाईंनी पाणी दिलं. खोकला थांबल्यावर साहेब मामांकडे बघून म्हणाले, “जन्मात... पहिल्यांदा... गाडी... रुळावरून उतरवली. काठीनं.”

मामांना एका क्षणात उमजलं. झोपेतून वासानं जाग आलेली. हातातून कंट्रोलर निसटलेला. हाक मारायला आवाज नाही. म्हणून या माणसानं डाव्या हातानं काठी घेऊन स्वतःच्या गाडीला अपघात केला. चाकं रुळावरून उतरली, वीज तुटली. ड्रायव्हरला ते सुचलं, नाहीतर...

“वास... आला नाही... तुला? काल?”

मामा पलंगाच्या कडेला बसले. “नाही आला, साहेब. थंडीपासून मला कसलाच वास येत नाही.” हे पहिल्यांदाच तोंडातून बाहेर आलं. स्वतःलाच ते परक्यासारखं ऐकू आलं.

साहेबांनी आडव्या पडलेल्या इंजिनाकडे पाहिलं. मग म्हणाले, “दिसत नाही... त्या ड्रायव्हरनं... गाडी सोडायची नसते. लपवून... तर नाहीच.”

सून धावत आली ती सासऱ्याला बिलगली. रागावली नाही, ते जास्त लागलं. मामा निघाले तेव्हा एवढंच म्हणाली, “मामा, इंजिन घेऊन जा. परत आणू नका.”

त्या रात्रीचं जेवण कसंबसं उरकलं. मामींनी ताटं उचलता उचलता विचारलं, “थंडीपासून आणखी कुणाकुणाची इंजिनं केलीत?”

मामांनी आठवून घरं सांगितली. दातांचे डॉक्टर, बँकेतले कॅशिअर, वरच्या चौकातल्या जुळ्या बहिणी.

“उद्या निघायचं,” मामी म्हणाल्या. “नाक माझं, लाज तुमची.”

तेव्हापासून ही वरात गावभर हिंडते. डॉक्टरांच्या घरी मामांनी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. डॉक्टर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “तपासा, पण पुढचं काम आता दुसऱ्याकडे.” मामांनी मान हलवली. तपासून दिलं आणि आले. कॅशिअरचं इंजिन ठीक निघालं. जुळ्या बहिणींच्या घरी मामींनी चष्मा सारला, परक्यांच्या खुर्चीवर अवघडून बसल्या आणि धुराड्यावर नाक धरलं. मामांनी वीज तोडली, जोडली.

“काही नाही,” मामी म्हणाल्या. मग, “थांबा. आहे. हलका आहे, पण आहे.”

“नक्की?”

“संसारभर माझ्या हातचं खाल्लंत, तेव्हा विचारलंत का, नक्की?”

मामांनी तरीही बोट पुढे केलं आणि धुराड्याला लावलं. चटका बसला तसं झटक्यानं मागे घेतलं.

“पटलं?”

मामांनी बोट तोंडात धरलं. मग बसले, चिप काढली आणि तिची आठवण पुन्हा पुसायला घेतली. साहेबांचं काळं इंजिन मामांच्या कपाटात आहे. नवं धुराडं बसवून तयार आहे, आत तार नाही. ते कुणी मागितलेलं नाही, आणि नेऊन द्यायला मामांचे पाय अजून त्या गल्लीकडे वळत नाहीत.