बायकोचं तोडलेलं पाणी

माझ्या बायकोला सातव्या महिन्यात मूतखड्याची कळ आली, तेव्हा निजामी होती आणि आम्ही पिंगळीच्या पलीकडं एका खेड्यात राहत होतो. कळ कमरेतून निघून जांघेत उतरायची. ती उठायची, बसायची, भिंतीला पाठ घासायची. पायही सुजले होते. सुईणीनं अंगठ्यानं पाय दाबून बघितले नि म्हणाली, "पोटात पाणी झालंय. पाणी तोडा." आमच्याकडं पोटुशी बाईचे पाय सुजले की हेच करत. आईनं रांजण स्वतःच्या खाटेजवळ ओढून घेतला. सकाळी एक फुलपात्र, दिवस मावळताना एक. वैशाख चालू होता.

बाजाराला जातो म्हणून मी परभणीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी भर ओसरीत, माणसांच्या गर्दीत विचारलं, "पेशाब में खून आता क्या?" मी मान डोलावली. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"पत्थर है. पानी पिलाओ, जितना पी सके. बुखार आया तो फौरन लेके आना."

घरी आलो तर आई ज्वारी निवडत होती.

"रिकामाच आलास रं?"

"भाव लई चढल्यात."

पाण्याचं सांगायचं तर परक्या पुरुषापुढं बायकोच्या लघवीची गोष्ट काढली, हेही सांगावं लागणार. आईनं गावभर केलं असतं, बायकोचं मूत पुसत हिंडायलाय म्हणून. उद्या सांगू, असं करत मी गप्प बसलो.

बायकोच्या ओठांची सालं निघाली होती. "अवो, तुमी तरी सांगा की आत्याबाईला. घोटभर द्या म्हणावं."

"सुईणीला कळतं," मी म्हणालो. हे मी बोललो.

पुढं तिला हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा कुठं गाडी जुंपली. पिंगळीहून आगगाडीनं परभणी. तिथं तिला पाण्यावर पाणी पाजलं. खडा पडला, पण त्याआधीच ती मोकळी झाली होती. मुलगी होती. रडली नाही. डॉक्टरांनी मला ओळखलं.

त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. आईही गेली. एवढी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. गेल्या महिन्यात बायको शेंगा फोडत बसली होती, तेव्हा सगळं बोललो. तिचे हात थांबले.

"तवा सांगितलं असतं, तर आत्याबाईनं ऐकलं असतं का?"

"न्हाई," मी म्हणालो. जरा हलकं वाटलं.

"त्यांचं जाऊ द्या. मला कानात सांगायचं होतं. मला वाटायचं, तहान लागायलीय म्हंजी मीच लेकराच्या जिवावर उठलेय. एकदा आडावर कुणीच नव्हतं. भरलेला पोहरा हातात होता माझ्या. लेकराला बाधंल म्हणून तसाच ओतून दिला."